तीन सॉफ्टवेअर आणि एक सासरे

माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे असा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही माझ्या बायकोचं मत ऐकणार आहात आणि ते अगदी एकतर्फी आहे.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे. विभाग म्हणजे मी, माझं टेबल आणि समोर एक रिकामी खुर्ची. ती खुर्ची प्रशिक्षण प्रमुखाची. तिला दोन्ही बाजूंना हात आहेत. माझ्या खुर्चीला एकच उरलाय.

एक दिवस मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आपले मेकॅनिक तासाभराचा ऑनलाइन कोर्स चार मिनिटांत संपवतात. ऐकत कोणी नाही, नुसतं 'पुढे, पुढे' दाबत जातात. परवा एकाने ब्रेकच्या कोर्सात पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि दुपारी ब्रेक उलटा बसवला. उद्या कोणाचा तरी जीव जाईल. कोर्स बनवायचं चांगलं सॉफ्टवेअर निवडा, सोमवारी सगळ्यांसमोर दाखवा. नीट निवडलंत तर ती खुर्ची तुमची."

"साहेब, झालंच समजा," मी म्हणालो.

तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर चाचणीपुरती मोफत मिळाली. मी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि तिन्हींची तुलना करणारा तक्ता सुरू केला. चार दिवसांनी तक्ता एवढा रुंद झाला, की उजवीकडचं टोक बघेपर्यंत डावीकडचं विसरायला व्हायचं.

"कुठलं घेतोयस मग?" बायकोने विचारलं.

"तिसरंच घ्यावं म्हणतो. पण पहिल्याचे रंग छान आहेत."

"पंख्याच्या वेळी हेच. उन्हाळाभर निवडत होतास. पंखा घरी आला तेव्हा आपण स्वेटर घालून बसलो होतो."

तिसरं सॉफ्टवेअर खरोखर गुणी होतं. आपण नुसतं बोलत जायचं. ते बोलण्याचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचं पान बनवतं आणि शेवटी प्रश्नसुद्धा स्वतःच काढतं. शिवाय आवाज संपेपर्यंत 'पुढे' बटण बंद! पळवाटच नाही. प्रश्न फक्त आवाजाचा होता. मी कॉम्प्युटरचा आवाज लावून पाहत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासरे बाहेर आले.

सासऱ्यांनी आयुष्यभर बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. निवृत्त झाल्यापासून मात्र गप्पच झाले होते. आमच्याकडे राहायला आले तरी दिवसदिवस खिडकीशी बसायचे. बायकोला त्याचा फार घोर लागला होता.

"हा कोण बोलतोय?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर आहे, बाबा."

"तरीच. श्वास घेत नाही. अशा माणसाचं लोक ऐकत नाहीत." त्यांनी माझ्या हातातला ब्रेकच्या कोर्सचा कागद घेतला, घसा साफ केला आणि वाचलं, "ब्रेकला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. पुन्हा सांगतो, मुख्य स्विच बंद करावा."

आवाज असा घुमला, की बायको स्वयंपाकघरातून हातातल्या भांड्यासकट बाहेर आली. किती दिवसांनी तिने तो ऐकला होता. तिचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं; शिवाय काम फुकटात होत होतं. मी त्यांच्यासमोर माइक ठेवला, तिसऱ्या सॉफ्टवेअरचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तक्ता पुरा करायला आत जाऊन बसलो. बाहेर आलो तेव्हा सासरे फिरायला गेले होते. मी रेकॉर्डिंग बंद करून कोर्स सेव्ह केला. ऐकून पाहिला नाही. एवढ्या अनुभवी माणसाचं काय तपासायचं?

सोमवारी हॉलमध्ये सगळे मेकॅनिक जमले. पुढच्या रांगेत मोठे साहेब. मी 'पुढे' बटणाची महती सांगितली आणि कोर्स सुरू केला. ब्रेकची पानं एकामागून एक दिमाखात गेली. मग सासऱ्यांचा आवाज आला, "झालं. आता हे बंद कसं करायचं?"

"राहू द्या बाबा, तो करेल," हा बायकोचा आवाज. "चहा घ्या."

मी 'पुढे' दाबलं. बटण ढिम्म.

"त्यांना ती खुर्ची मिळेल का गं?"

"मिळायला हवी हो. पण सॉफ्टवेअर ठरलं तर ना! सारखं तळ्यात-मळ्यात. पंख्याच्या वेळी..." आणि तिने पंख्याची अख्खी हकीकत सांगितली, स्वेटरसकट.

"जावईबापू हुशार आहेत," सासरे म्हणाले, "पण त्यांना ठरवता येत नाही. पुन्हा सांगतो, ठरवता येत नाही."

मी कोर्सच बंद करायला गेलो. पडद्यावर आलं, 'बाहेर पडल्यास सुरुवातीपासून ऐकावे लागेल.' मी घाईत 'हो' दाबलं आणि तो इमानदारीत पहिल्यापासून सुरू झाला. मी वायर उपटायला वाकलो, तर साहेबांनी हातानेच थांबवलं. एकाही मेकॅनिकने खिशातून मोबाइल काढला नव्हता. सगळे कान टवकारून पंख्याची वाट बघत होते, आणि पंखा येईपर्यंत ब्रेक ऐकत होते.

शेवटी प्रश्न आले. मुख्य स्विच कधी बंद करायचा? सगळे हात वर. पंखा घरी आला तेव्हा कोणते कपडे घातले होते? पुन्हा सगळे हात वर. मग ज्याने ब्रेक उलटा बसवला होता तो मेकॅनिक उभा राहिला. "साहेब, ते ब्रेक बसवायचं पान परत लावा. त्या दिवशी माझं तिथेच चुकलं होतं."

साहेब खूश झाले. मला म्हणाले, "मग हे तिसरंच घ्यायचं ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर होती, दोन्ही हातांसकट.

"हो, म्हणजे तसं घ्यायला हरकत नाही," मी म्हणालो. "फक्त पहिल्याचे रंग..."

हॉल हसून लोटपोट झाला. साहेबांनी माझ्याकडून सासऱ्यांचा नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. आवाजाचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुमच्या मते कुठलं घ्यावं?"

"तिसरं," सासरे म्हणाले. "पहिलं जावईबापू रोज उघडतात आणि वैतागून बंद करतात. दुसरं उघडलं की मदतीसाठी फोन करावा लागतो. तिसरं मी एकट्याने चालवलं. मला थांबवताच आलं नाही, एवढं चाललं."

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "मिळाली का खुर्ची?"

"मिळाली."

"खरंच?"

"बाबांना."

ती आधी हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

आता मला रजेचा अर्ज सासऱ्यांकडे द्यावा लागतो. परवाच दिला. कारण म्हणून 'घरगुती काम' लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि परत केला. म्हणाले, "घरी काहीही काम नाहीये. मी सकाळीच बघून आलोय."