लाल न होणारं बटण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे मालक पहिल्या रांगेत येऊन बसले, तेव्हा छोटीनं लॅपटॉप पडद्याला जोडला. छोटी म्हणजे गटातली सगळ्यात उंच मुलगी. डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी गटागटानं या कंपनीसाठी मोबाइल ॲप आखायचं होतं, आणि ज्या गटाचं काम मालकांना पसंत पडेल त्याला कंपनीत शिकाऊ उमेदवारी मिळणार होती. छोटीनं त्यासाठी तीन महिने जिवाचं रान केलं होतं.

गटातला मास्तर तापानं घरी होता. सगळ्यांना रंग शिकवत फिरतो, म्हणून मास्तर. सादरीकरण चारचं दोनला आलं, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल, असं गटातल्या प्रत्येकाला वाटलं. गटात काम करताना हे असंच होतं.

पडद्यावर ‘मदत हवी’ असं मोठं निळं बटण झळकलं.

"निळं?" मालक म्हणाले. "अगं, माणूस लिफ्टमध्ये अडकलाय. लाल कर की!"

छोटीनं लगेच लाल केलं. मालकांनी मान डोलावली. तोच बटण निळं झालं.

"हे काय?"

"चुकून झालं, सर." पुन्हा लाल. पुन्हा निळं, आणि या खेपेला थोडं मोठंही.

आता छोटीच्या डोक्यात प्रकाश पडला. फाइल एकच होती, आणि गटातल्या कुणालाही ती घरबसल्या बदलता यायची. मास्तर अंथरुणात पडून इमानेइतबारे बटण दुरुस्त करत होता! तिनं टेबलाखाली फोन धरून निरोप लिहायला घेतला, तेवढ्यात पडद्यावर बटणाखाली अक्षरं उमटली : ‘कोण गाढव लाल करतंय?’

डिझाइन शिकवणाऱ्या मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"सर, तो आमचा मास्तर," छोटी रडवेली झाली. "तुम्ही आलाय हे त्याला माहीतच नाही. चूक आमची, आम्ही कळवलं नाही."

"लाव त्याला फोन. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

फोन लागला. "काय रे," मालक म्हणाले, "तो गाढव मीच. कंपनीचा मालक."

पलीकडून खोकल्याची मोठी उबळ आली. "स... सॉरी, सर."

"ते राहू दे. माझ्या ऑफिसात मला कुणी नाही म्हणत नाही. तू दोनदा म्हणालास, वर गाढवही म्हणालास. निळंच का, ते सांग."

"सर, मी एकदा तासभर अडकलो होतो. समोर लालभडक बटण. दाबायचा धीरच होईना. वाटलं, दाबलं आणि लिफ्ट खाली कोसळली तर? माणूस आधीच घाबरलेला असतो हो."

मालक खुर्चीत पुढे सरकले. "कुणाची लिफ्ट होती?"

मास्तर घुटमळला. "देखभाल... तुमच्याच कंपनीची, सर."

मालक उठून पडद्यापाशी गेले. मग मॅडमना म्हणाले, "हाच गट. आणि बटण निळंच."

"सोमवारी सगळे ऑफिसात या. सहावा मजला."

"लिफ्ट आहे ना, सर?" फोनमधून मास्तरनं विचारलं.

मालकांनी जरा विचार केला.

"आहे," ते म्हणाले. "पण तू जिन्यानंच ये."