डेकवरच्या चिकटपट्ट्या

आधी माझ्याविषयी. स्वतःची स्तुती करायला मला संकोच वाटतो, पण सत्य सांगताना संकोच करू नये असं माझं मत आहे, म्हणून सांगतो: या शहरात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. मुळात दुसरा गुप्तहेरच नाही असं माझी बायको म्हणते, पण तो मुद्दा वेगळा. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक, पुन्हा बायकोच्याच मते, नको तिथे खुपसण्याचं. माझं कार्यालय आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत आहे. तिथे एक टेबल, एक भिंग आणि वाळत घातलेले कपडे असतात. अशील आलं की मी कपडे बाजूला सारतो. अजून फारसे सारावे लागलेले नाहीत.

त्या दिवशी मात्र खरोखरचं अशील आलं. माझी मेहुणी. ओल्या टॉवेलाखालून वाकून ती खुर्चीवर बसली आणि तिने एकदम रडायलाच सुरुवात केली.

"भावजी, माझी नोकरी जाणार!"

मेहुणी एका टीव्ही मालिकेत कॅमेऱ्याची सहायक आहे. मालिका नौदलाच्या वैमानिकांवर. जहाजावरून विमान उडवणारे, जहाजावरच उतरवणारे, आणि मधल्या वेळात प्रेमात पडणारे. खरं जहाज कोण देतो? म्हणून एका मोठ्या गोदामात प्लायवूडचं डेक ठोकलं होतं आणि त्यावर प्लायवूडचंच लढाऊ विमान उभं केलं होतं. जवळ गेलं की पंखावर सुताराच्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात. टीव्हीवर बघाल तर अंगावर काटा येईल. याच मालिकेचा कपडेपट माझी बायको सांभाळते. थोडक्यात, आमचं सगळं घर नौदलात आहे. पोहता कोणालाच येत नाही.

मेहुणीने डोळे पुसले आणि प्रकरण सांगितलं. मालिकेतला सगळ्यात मोठा शॉट घ्यायचा होता. हिरो विमानातून उतरतो, डेकच्या मधोमध लांबवर चालत येतो, तीन ठिकाणी थांबतो आणि शेवटी सलाम ठोकतो. कुठे थांबायचं ते कळावं म्हणून जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावतात. हिरोचा पाय पट्टीवर पडला नाही तर चेहरा धूसर येतो. गोदामाच्या दारातून सकाळी थोडाच वेळ थेट ऊन येतं आणि दिग्दर्शकाला तेच ऊन हवं. म्हणून मेहुणी आदल्या संध्याकाळी मोजूनमापून पट्ट्या लावते. सकाळी येऊन बघते तर पट्ट्या गायब! पुन्हा हिरोला उभं करून मापं घेईपर्यंत ऊन निघून जातं.

"परवा गेल्या, काल गेल्या, आजही गेल्या. दिग्दर्शक म्हणाले, उद्या पट्ट्या जागेवर नसतील तर परवा तू जागेवर नसशील. इतकी वर्षं नुसत्या लेन्सच्या पेट्या उचलल्या हो मी! आत्ता कुठे कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला."

"आलीस ते बरं केलंस," मी भिंग उचलत म्हणालो.

"पोलिसांकडे गेले असते तर ते हसले असते. म्हणून तुमच्याकडे आले."

हा माझा गौरवच होता असं मी धरून चालतो. शिवाय खरं सांगतो, ही मेहुणी माझी लाडकी. मला 'गुप्तहेर' म्हणताना न हसणारी घरात ती एकटीच. तिच्यासाठी मी जिवाचं रान करायला तयार होतो.

दुपारीच गोदामात गेलो. दारातच मला पहिला चोर सापडला. समुद्रावरचा वारा दाखवायला तिथे खोलीएवढा एक पंखा ठेवलाय. मी क्षणात ओळखलं. पट्ट्या वाऱ्याने उडाल्या! मी एक पट्टी जमिनीवर चिकटवली, शेजारी उभा राहिलो आणि पंखा लावायला सांगितला. पट्टी जागची हलली नाही. माझी टोपी मात्र अशी काही उडाली की अजून सापडलेली नाही.

दुसरा संशयित म्हणजे कमांडर. हे नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ मालिकेचे सल्लागार होते. डेकवरच्या कामगारांचं काम करणाऱ्या पोरांना ते शिकवत. पिवळं जाकीट घालणारा विमानाला खुणा करणार, लाल जाकीटवाला बॉम्ब हाताळणार, हिरवा आणखी काही. माणूस अजिबात हसत नव्हता, आणि पहारेकरी म्हणाला की रोज सगळ्यांच्या आधी, पहाटेच येतो.

"तुम्ही रोज इतक्या पहाटे येऊन काय करता?" मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

"शिस्त," ते म्हणाले आणि निघून गेले.

शिस्तीच्या आड माणूस काहीही लपवू शकतो. पण तेवढ्यात मला हिरो आणि हिरॉइन शेजारी शेजारी उभे दिसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिरो तिच्यापेक्षा चांगला वीतभर बुटका! शेवटची पट्टी नेमकी तिच्या शेजारी. पट्टीच नसली तर तिच्या शेजारी उभं राहायलाच नको. अहो, माणसं याहून क्षुल्लक कारणांसाठी राज्यं बुडवतात.

"उद्या पहाटे मी वेश बदलून डेकवर असेन," मी बायकोला सांगितलं.

"असा की. नाहीतरी एक पोरगा आजारी आहे, त्याचं पिवळं जाकीट घाला. फक्त चेन ओढून लावू नका, पोटावर यायची नाही."

पहाटे कमांडरनी आम्हा सगळ्यांना खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभं केलं. मी बरोबर मध्ये. "नवीन माणसासाठी पुन्हा सांगतो," ते गरजले. "विमानाचं इंजिन समोर येईल ते गिळतं. साधा एक स्क्रू आत गेला तरी इंजिन खलास. म्हणून जहाजावर उड्डाणाआधी सगळे जण रांगेत चालतात आणि दिसेल ती वस्तू उचलून खिशात टाकतात. कोणीही, काहीही सोडायचं नाही! चला!"

पोरं याला 'वेचणी' म्हणत. मला काय, सोंग वठवायचं होतं. मी वाकून चालू लागलो, पण नजर सारखी हिरोच्या मेकअपरूमच्या दारावर. हात आपले आपण काम करत होते. एक स्क्रू, एक हेअरपिन, चॉकलेटचा कागद, काही चिटोरी, दिसेल ते खिशात. दार काही उघडलं नाही. रांगेच्या टोकाला कमांडर माझ्यापाशी थांबले आणि चक्क म्हणाले, "शाब्बास!" बाकीची पोरं खिसे कचरापेटीत रिकामे करायला गेली. मला वेळ नव्हता. मी जाकीट काढून बायकोकडे फेकलं आणि माझा कोट चढवला.

थोड्या वेळाने कॅमेऱ्याची मंडळी आली. मेहुणी डेकवर गेली आणि मटकन खालीच बसली. पट्ट्या गायब! माझ्या नाकावर टिच्चून!

दिग्दर्शक तिला काही बोलणार, तोच मी हात वर केला. "थांबा! गुन्हेगार याच गोदामात आहे!" सगळे गोळा झाले. मी सावकाश फेऱ्या मारल्या, कारण तशी पद्धत आहे, आणि एकदम हिरोकडे बोट दाखवलं. "उंचीच्या न्यूनगंडापायी तुम्ही हे केलंत!"

"मी आत्ता येतोय," हिरो म्हणाला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

"खोटं! मी पहाटेपासून तुमच्या दारावर नजर ठेवून होतो!"

"कशाला? खोली रिकामी होती."

मी कोटाची बटणं नीट लावून घेतली. दिग्दर्शक मेहुणीकडे वळले. "बाई, मी सांगितलं होतं. उद्यापासून..."

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. "हे काय आहे?"

तिच्या एका हातात पिवळं जाकीट होतं. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक स्क्रू, एक हेअरपिन, चॉकलेटचा कागद आणि चिकटपट्टीचे तीन तुकडे. लाल, निळा, हिरवा.

सगळ्यांच्या नजरा जाकिटावरून माझ्याकडे वळल्या.

"काल मध्ये मी होतो," लाल जाकिटातला पोरगा हळूच म्हणाला. "मीपण तीन उचलल्या. पेटीत टाकल्या."

"आणि परवा मी," हिरवा म्हणाला.

"त्या खुणा होत्या?" कमांडरांचा चेहरा पडला. "मला कोणी सांगितलंच नाही."

"आणि तुम्ही पहाटे डेक साफ करता, हे मला कोणी सांगितलं नाही!" दिग्दर्शक ओरडले. मग त्यांनी कपाळाला हात लावला, मेहुणीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "चुकलं माझं. शॉट उद्या घेऊ. आणि तूच घ्यायचास."

मेहुणी हसता हसता रडायला लागली. कमांडर तिच्यासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी तिला खराखुरा, नौदलाचा सलाम ठोकला. मग ते माझ्याकडे वळले. माझी पाचावर धारण बसली.

"बाकी काही असो," ते म्हणाले, "इतकी स्वच्छ वेचणी मी जहाजावरसुद्धा पाहिली नाही."

इतक्या वर्षांत कोणी माझ्या शोधकार्याचं असं कौतुक केलं नव्हतं. मला खरंच भरून आलं.

"पण तुला कळलं कसं?" मी बायकोला बाजूला घेऊन विचारलं. "कपडेपटात एवढी जाकिटं आहेत. सगळ्यांचे खिसे तपासतेस?"

"बाकीच्यांचे कशाला तपासू? नवऱ्याचे खिसे बघितल्याशिवाय मी काही धुवायला टाकत नाही. लग्नापासूनची सवय."

म्हणजे मी नसतो तर चोर सापडलाच नसता. हा मुद्दा मी सगळ्यांना समजावून सांगितला. त्या दिवशी चोरही मीच होतो, हे लोकांनी उगाच लावून धरलं.

संध्याकाळी हिरो लवकर घरी गेला आणि पट्ट्या लावायला त्याच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. उंचीने मी त्याच्याएवढाच भरलो. मी डेकवर उभा राहिलो. मेहुणीने माझ्या पायाशी बसून कोरी लाल पट्टी चिकटवली, अंगठ्याने घट्ट दाबली, कॅमेऱ्यापर्यंत फीत ताणून अंतर मोजलं आणि डोळा लावून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"छान, भावजी. अगदी छान दिसताय," ती म्हणाली. "आता असेच उभे राहा. आणि तुमच्या पाया पडते, काही म्हणजे काही शोधू नका."