दुबराज आणि टेस्टर क्रमांक पन्नास

कुठलीही नवी वस्तू बाजारात आणण्यापूर्वी ती कोणावर तरी करून पाहावी लागते, आणि तो कोणीतरी शक्यतो नातेवाईक असावा, हा विज्ञानाचा जुना नियम आहे. नातेवाईक तक्रार करतो ती घरातल्या घरात. परक्याला मात्र ग्राहक मंचाचा पत्ता माहीत असतो. रायपूरच्या चतुर्भुज प्रणाली या कंपनीने याच नियमाला अनुसरून आपली ‘दुबराज’ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आणण्याआधी पन्नास कर्मचाऱ्यांच्या पन्नास नातेवाइकांवर चालवून पाहायचं ठरवलं. (दुबराज हा खरं तर छत्तीसगडचा सुवासिक तांदूळ. संगणकाला तांदळाचं नाव का, याचा खुलासा कंपनीच्या कागदपत्रांत नाही. नाव ठरलं त्या बैठकीत जेवण होतं, एवढीच नोंद सापडते.)

सोनिया निखाडे या कंपनीत अकरा महिन्यांपासून कच्च्या नोकरीवर होती. तिने आपले सासरे यशवंतराव यांचं नाव दिलं. कंपनीला ‘ज्येष्ठ, संगणकाची भीती असलेला’ या गटात एक माणूस कमी पडत होता. यशवंतरावांना संगणकाची भीती अजिबात नव्हती, पण जागा रिकामी होती आणि सुनेने मागितलं होतं, म्हणून त्यांनी भीतीच्या रकान्यात सही केली. त्यांना टेस्टर क्रमांक पन्नास असं पद मिळालं. तात्यापाऱ्यात, म्हणजे रायपूरच्या त्यांच्या मोहल्ल्यात, त्या दिवशी ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही त्यांनी ते सांगितलं.

दुबराज सुरू केली की सर्वांत आधी एक चौकोन यायचा. त्यात चार ओळी मावतील एवढ्या खिडकीतून दोनशे चौदा पानांच्या शर्ती दिसायच्या आणि खाली ‘मान्य’ असं हिरवं बटण. एकोणपन्नास टेस्टरांनी ते बटण पहिल्याच सकाळी दाबलं. कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्यांना सरासरी पाऊण सेकंद लागला. सर्वांत सावध ठरले ते पुरानी बस्तीतले एक होमिओपॅथ. त्यांनी पूर्ण नऊ सेकंद घेतले, कारण ते चष्मा शोधत होते. सर्वांत जलद नोंद एका मांजरीच्या नावावर आहे. (तिची मालकीण चहा आणायला आत गेली होती. कंपनीने ती संमती वैध धरली.)

यशवंतरावांनी चष्मा लावला, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या शर्तीपासून वाचायला बसले.

यात त्यांचा दोष नव्हता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि पार्सलच्या पावतीच्या मागे जे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते संपूर्ण वाचलेला त्या ऑफिसातला तो एकच माणूस होता. भांडायला आलेल्या माणसाला ते शांतपणे पावती उलटी करून दाखवायचे. मग तो माणूस पावती वाचायचा, यशवंतरावांकडे पाहायचा आणि पाणी मागायचा. चौतीस वर्षं हे पाहिलेला माणूस कशाचीही मागची बाजू न वाचता ‘हो’ म्हणेल, अशी अपेक्षा करणं हाच मुळात कंपनीचा भाबडेपणा होता.

आता कंपनीचा नियम असा होता की पन्नासही जणांनी मान्य केल्याशिवाय चाचणी सुरू झाली असं धरायचं नाही. चाचणी संपल्याशिवाय दुबराजचं प्रकाशन नाही, आणि प्रकाशनाशिवाय कोणाही कच्च्या कर्मचाऱ्याला पक्कं करायचं नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी एक कंपनी, एकोणपन्नास टेस्टर, एक मंत्र्यांच्या हस्ते व्हायचा सोहळा आणि सोनियाची नोकरी, हे सगळं तात्यापाऱ्यात एका वेताच्या खुर्चीपाशी येऊन थांबलं. यशवंतराव तेव्हा बाविसाव्या पानावर होते.

मॅनेजर अश्विन सर रोज सोनियाला पान क्रमांक विचारायचे. एकोणतिसावं. एक्केचाळिसावं. मध्ये एक दिवस पुन्हा अडतिसावं, कारण संदर्भ पाहायचा होता. कंपनीच्या भिंतीवर त्याचा आलेख लागला. दुबराजच्या चाचणीतला तेवढा एकच आलेख वर चढत होता, म्हणून तो दिल्लीच्या गुंतवणूकदारांनाही दाखवण्यात आला.

शेवटी नवव्या दिवशी सोनिया सासऱ्यांच्या समोर येऊन बसली. तिला मराठी सगळं समजायचं, पण मनातलं बोलायचं झालं की हिंदीवर यायची.

“बाबा, मेरी नौकरी आपके एक क्लिक पे अटकी है. सबने बिना पढ़े कर दिया.”

यशवंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. घरात त्यांनी वर्तमानपत्रात काय वाचलं हे आपणहून विचारणारी ही एकटीच होती, आणि तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“मले समजते बेटा,” ते म्हणाले. “पण मी हव म्हटलं का मंग ते करा लागते ना. अन् हे पाय, यात काय काय करा लागते ते.”

त्यांनी रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. शर्त सतरा: वापरकर्त्याने तापणाऱ्या यंत्रापासून सहा फूट अंतर राखावे. शर्त एकतीस: हेल्मेट व गमबुटाशिवाय यंत्रासमोर येऊ नये. शर्त चव्वेचाळीस: भोंगा झाल्याशिवाय जागा सोडू नये. शर्त अठ्ठावन्न: वापरकर्त्याने दारू पिऊन क्रेनखाली उभे राहू नये. (हिच्यापुढे यशवंतरावांनी तत्काळ बरोबरची खूण केली होती.) शर्त ब्याण्णव: वापरकर्ता गैरहजर राहिल्यास घरातील दुसरी सज्ञान व्यक्ती पाठवावी. हिच्यापुढे त्यांनी बायकोचं नाव लिहून प्रश्नचिन्ह दिलं होतं.

सोनियाने ते दोनदा वाचलं आणि रजिस्टर घेऊन ऑफिसात गेली.

चौकशीत निष्पन्न झालं ते फार सरळ होतं. शर्ती लिहायचं काम कंपनीने नरहरी वकिलांना दिलं होतं. नरहरी वकील तीस वर्षं रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांसाठी मजुरांचे करार करत आले होते. त्यांनी हाताशी असलेला करार घेतला, त्यात ‘कामगार’ होता तिथे ‘वापरकर्ता’, ‘मालक’ होता तिथे ‘कंपनी’ आणि ‘भट्टी’ होती तिथे ‘यंत्र’ केलं, आणि संध्याकाळच्या आत काम पोचवलं. कंपनीने ते न वाचता मंजूर केलं. वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की करार वाचायचा असता तर लोकांनी वकील कशाला केला असता.

शर्ती बदलाव्यात असं अश्विन सरांना क्षणभर वाटलं. पण बदललेल्या शर्तींना पन्नास जणांची नवी संमती लागली असती, आणि ती मांजर तोवर बिलासपूरला गेली होती. मंत्र्यांची तारीख पक्की होती, मंडप सांगून झाला होता. तेव्हा उच्चस्तरीय बैठकीत असा निर्णय झाला की शर्ती आहेत तशाच ठेवून यशवंतरावांचं घर बदलावं.

रविवारी सकाळी अकरा वाजता कंपनीची गाडी तात्यापाऱ्यात आली. तिच्यातून एक पिवळं हेल्मेट, नऊ नंबरचे गमबूट, एक भोंगा आणि मोजपट्टी उतरली. अश्विन सरांनी स्वतः गुडघ्यावर बसून संगणकापासून सहा फुटांवर खडूने रेघ मारली. आदल्या रात्रीच दोनशे चौदावं पान संपवलेले यशवंतराव हेल्मेट घालून, गमबूट चढवून रेघेमागे उभे राहिले. गल्लीतल्या बायका खिडकीला लागल्या. क्रेन नसल्याबद्दलचं प्रमाणपत्र कंपनीने आधीच आणलं होतं. शर्त ब्याण्णववर यशवंतरावांच्या पत्नी पद्मिनीबाईंचं मत घेण्यात आलं.

“पाठवा मले,” त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. “फक्त दुपारी दोन ते चार मी कोनाची नाही.”

ही दुरुस्ती अश्विन सरांनी हाताने लिहून दिली. सहा फुटांवरून पडद्यावरचं बटण दाबता यावं म्हणून जळमटं काढायच्या बांबूचा कुंचा काढून तो बांबू यशवंतरावांच्या हाती देण्यात आला. पहिल्या प्रयत्नात बांबूने भाषा बदलली आणि दुबराज तमिळ बोलू लागली. दुसऱ्या प्रयत्नात देवघरातली समई पडली. तिसऱ्यात बांबूचं टोक हिरव्या बटणावर टेकलं, सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या, आणि यशवंतराव जागचे हलले नाहीत. भोंगा व्हायचा होता. अश्विन सरांनी भोंगा वाजवला, तेव्हा कुठे ते चहाला आले. सोनिया त्यांच्याकडे पाहून हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती, आणि ते दोन्ही अगदी खरं होतं.

पुढे सगळं यथासांग झालं. चाचणी पार पडली, मंत्र्यांनी बटण दाबलं (अर्धा सेकंद), सोनियाला पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं. पद्मिनीबाईंनी तात्यापाऱ्यात पेढे वाटले. चाचणीच्या अहवालात दुबराजमध्ये एकूण एकच दोष आढळल्याचं नमूद आहे. वर्णन: शर्ती वाचता येतात. तीव्रता: अत्यंत गंभीर. निदर्शनास आणणारा: टेस्टर क्रमांक पन्नास. दुरुस्तीची जबाबदारी: सोनिया निखाडे.

पक्क्या नोकरीतलं ते तिचं पहिलं काम. ती हुशार पोट्टी, एका दुपारीत तिने ते केलं. चौकोन काढून टाकला, ‘मान्य’वर आधीच खूण करून ठेवली, आणि शर्ती अशा ठिकाणी नेऊन ठेवल्या जिथे जायला सात बटणं दाबावी लागतात आणि सातवं दिसत नाही. संध्याकाळी तिने हे सासऱ्यांना स्वतःच सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवायची तिला सवय नव्हती.

यशवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “काम नीट केलं ना?”

“हव, बाबा,” ती म्हणाली. छोटंसंच, पण मनातलं उत्तर तिने या मराठी घरात पहिल्यांदाच हिंदीवर न येता दिलं होतं.

“मंग झालं,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र न वाचताच घडी घातली.

दुबराज आता सर्वत्र मिळते, बऱ्याचदा दुसऱ्याच नावाने, आणि नवा संगणक किंवा फोन घेतला तर त्यात ती आधीपासून असते. आजवर सव्वीस लाख लोकांनी शर्ती मान्य केल्या आहेत, शर्त ब्याण्णवसकट. आणि दोन ते चारची सवलत फक्त पद्मिनीबाईंना आहे. त्या सव्वीस लाखांत आपण आहोत की नाही हे तुम्हाला आठवत नसेल, तर आहात.