हंबरगावचा पाहुणा

"जर्मनी काय न् चाकण काय, दोन्हीकडं माणसंच राहत्यात!" असं मुरारीनं कुरुळीच्या चावडीपुढं ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यानं या दोहोंपैकी फक्त चाकण पाहिलं होतं. तेही कांद्याच्या गाडीवर बसून!

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. मुरारी चिंचवडला खोकल्याच्या औषधाच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखान्यानं जर्मनीहून बाटल्या भरायचं यंत्र मागवलं होतं आणि ते शिकायला एक माणूस सहा महिने तिकडं धाडायचा होता. मॅनेजर सहस्रबुद्ध्यांनी आधी दोघा शहाण्यांना विचारलं. एकाची बायको रडायला लागली, दुसऱ्याची आई आजारी पडली. मुरारीला बायको नव्हती आणि त्याची आई तानाबाई रडायच्या आधी चौकशी करणारी होती.

"गावाचं नाव काय म्हनलास?"

"हाम्बुर्ग."

"हंबरगाव? मंग गुरंढोरं असत्यालच. दुधाची काळजी मिटली!"

वडील, तात्याबा, इतक्या सहजी सोडणारे नव्हते. त्यांनी पोराला मारुतीपुढं उभं केलं.

"बाटलीला शिवणार न्हाई म्हन."

"आबा, मी बाटल्या भरायलाच चाललोय की!"

"भर की. रिकामी करू नगंस! आन परक्या बाईला हात लावणार न्हाई म्हन. घोडेगावच्या मालोजीरावांच्या शकूला मागणी घातलीया आपन. तुजा फोटू बी धाडलाय त्यांना."

मुरारीनं शपथ घेतली, शेंदराचं बोट कपाळाला लावलं आणि बोटीत बसला.

हाम्बुर्गला पोचल्यावर त्याला पहिला साक्षात्कार झाला तो असा की, जर्मन माणूस भलता अगत्यशील! जो भेटेल तो म्हणतो, "या, या!" कारखान्यात "या", दुकानात "या", ट्राममध्ये "या"! आता मराठी माणसाला कुणी इतक्या प्रेमानं "या" म्हटल्यावर तो जाणार नाही तर काय? पहिल्याच आठवड्यात मुरारी एका न्हाव्याच्या माजघरात जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. न्हाव्याच्या बायकोनं आधी किंकाळी फोडली आणि मग सूप वाढलं.

त्याला यंत्र शिकवणारा इंजिनिअर होता क्रूगर. शेवग्याच्या झाडासारखा उंच, तसाच जरा वाकलेला, पंचेचाळिशीचा ब्रह्मचारी. आठवडाभर हा माणूस यंत्राखेरीज अवाक्षर बोलायचा नाही. पण शनिवार आला की केसांना तेल लावून नाचायला जायचा! एका शनिवारी त्यानं मुरारीला बरोबर घेतलं.

तो नाचघराचा थाट काय वर्णावा! झुंबरं, बाजा, गुळगुळीत लाकडी जमीन आणि भिंतीवर एक मोठी पाटी. पाटीवर काय लिहिलं होतं ते मुरारीला नंतर कळलं. तिथं नाचायला जोडीदार निवडायचा मान फक्त बायकांचा होता, आणि बाईनं हात पुढं केल्यावर पुरुषानं नाही म्हणायचं नव्हतं!

मुरारी बिचारा कोपऱ्यात सफरचंदाचा रस पीत बसला होता. रस जरा आंबलेला होता. तीन पेले झाल्यावर झुंबरं हळूहळू फुगडी घालायला लागली. एवढ्यात कणगीएवढी एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती पाववाली होती, हातांना अजून लोण्याचा वास येत होता. तिनं हात पुढं केला.

मुरारीच्या डोळ्यांपुढं साक्षात मारुती उभा राहिला! त्यानं ताडकन उठून हात जोडले. "बाई, माफ करा, माजी शपथ हाय!"

बाईला वाटलं, ही हिंदुस्थानी नाचाची सुरुवात! तिनंही हात जोडले. मुरारी एक पाऊल मागं सरकला, ती एक पाऊल पुढं आली. तो डावीकडं सटकला, तीही डावीकडं! आता हात न लावता हिच्या तावडीतून सुटायचं कसं? मुरारीला एकच नाच येत होता. त्यानं लेझीम सुरू केलं, लेझमीशिवाय! एक-दोन-तीन-चार, वाका, एक-दोन-तीन-चार, फिरा! बाजेवाल्यांनी ताल उचलला. घटकाभरात अख्खं नाचघर हात जोडून वाकत होतं न् फिरत होतं. क्रूगर तर इतका रंगला की, मुरारी "साहेब, आता घरी जाऊ या" म्हणाला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि पुन्हा वाकला.

शेवटी मुरारी एकटाच निघाला. दाराशी कोट ठेवायची जागा होती. तिथल्या म्हातारीनं त्याला एक जाड काळा कोट दिला. रसाच्या अमलात मुरारीनं तो अंगात घातला आणि स्टेशन गाठलं. कोट त्याचा नव्हता! त्याला दोन रांगा पितळी गुंड्या होत्या. रेल्वेचा कुणी बाबू तिथं नाचत होता, त्याचा तो कोट!

फलाटावर वीस-पंचवीस बायाबापड्या गाठोडी सावरत उभ्या होत्या. देवळात भजन म्हणतात तशी चर्चमध्ये गाणी म्हणणारी मंडळी होती ती. त्यांच्या पुढाऱ्यानं गुंड्या पाहिल्या, टोपी काढली आणि समोरच्या गाडीकडं बोट दाखवून अदबीनं काहीतरी विचारलं.

मुरारीला प्रश्न कळला नाही. पण एवढ्या लोकांनी आपला पाहुणचार केला, आपणही चार शब्द गोड बोलावेत, म्हणून तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "या, या!"

मंडळी भराभर गाडीत चढली. एवढी सगळी चढताहेत म्हणजे गाडी बरोबरच असणार, असं म्हणून मुरारीही चढला. गाडी जी सुटली, ती जमीन संपल्यावरच थांबली! पुढं समुद्र. मासळीचा वास, बोचरं वारं आणि परतीची गाडी सकाळी. पुढाऱ्यानं मुरारीकडं बोट करून असा काही आरडाओरडा केला की दोन पोलीस धावत आले.

सकाळी क्रूगर येऊन त्याला सोडवून घेऊन गेला. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं समजावलं, "मुरारी, आमच्याकडं 'या' म्हणजे 'होय'!"

मुरारीला तो न्हावी आठवला.

सहा महिने संपले. यंत्र बसवायला खुद्द क्रूगर चिंचवडला येणार आणि मुरारीनं त्याला सुखरूप आणायचं, अशी सहस्रबुद्ध्यांची तार आली. 'जबाबदारी तुमची. चूक झाल्यास नोकरी राहणार नाही,' असंही तारेत होतं. मुरारीनं छाती फुगवली. "साहेब, तुमच्या मुलखात मी चुकलो. माज्या मुलखात डोळं झाकून चला!"

मुंबईपर्यंत सगळं झकास झालं. पुण्याकडं निघालेली पॅसेंजर लोणावळ्याला थांबली तेव्हा मुरारीला वाटलं, पाहुण्याला चिक्की खिलवावी. कोट, तिकीट, ट्रंक सगळं डब्यात ठेवून तो उतरला. चिक्कीवाल्यानं त्याची टाय पाहून विचारलं, "साहेब कुठून आले?"

झालं! असा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मुरारी महिनाभर बोटीत झुरत होता. त्यानं हाम्बुर्गपासून सुरुवात केली. नाचघरातली पाववाली येईपर्यंत गाडीनं शिट्टी दिली, आणि पाववाली हात जोडेपर्यंत गाडीचा शेवटचा डबाही दिसेनासा झाला! मुरारी रुळांतून धावला. टोपी उडाली, बूट फाटला, हातात नुसती चिक्की!

इकडं चिंचवडला क्रूगर दोन ट्रंका घेऊन एकटाच उतरला. त्याला न्यायला येणारी कारखान्याची जीप वाटेत पंक्चर झाली होती. फलाटावर होते ते मुरारीला वाजतगाजत न्यायला आलेले तात्याबा, हलगीवाला भैरू आणि कुरुळीची पंधरा-वीस माणसं. तात्याबांनी ट्रंक ओळखली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'मुरारी तात्याबा, कुरुळी' असं लिहिलं होतं.

"ट्रंक पोराची हाय, आन पोरगा कुटं हाय?" तात्याबा घाबरून म्हणाले. "साहेब, आमचा मुरारी?"

"या, या! मुरारी!" क्रूगर आनंदानं म्हणाला आणि मागं लोणावळ्याकडं हात केला. "चिक्की!"

"मागनं येतोय म्हणतोय," भैरूनं उलगडा केला. "आन आपल्याला 'या, या' म्हणतोय. किती मोठ्या मनाचा मानूस!"

क्रूगरला वाटलं, कारखान्यानंच ही वाजंत्री मंडळी धाडली. त्यानं हार घालून घेतला, फेटा बांधून घेतला आणि बैलगाडीत बसला. हलगी कडाडली आणि पाहुणा कुरुळीला रवाना झाला!

अर्ध्या तासानं जीप आली. सहस्रबुद्धे खाली उतरले. फलाट रिकामा! हमाल म्हणाला, "एक गोरा उतरला व्हता. त्याला फेटा बांधून, वाजवत घेऊन गेले." सहस्रबुद्ध्यांनी कपाळाला हात लावला आणि पोलीस चौकी गाठली.

मुरारी दुसऱ्या गाडीनं आला. तिकीट विचारल्यावर त्यानं "मी जर्मनीहून आलोय" असं सांगितलं. त्यावर तिकीट तपासनीस म्हणाला, "आणि मी विलायतेचा राजा!" आणि त्यानं त्याला चिंचवडच्या स्टेशनमास्तरपुढं तासभर बसवून ठेवलं. तिथंच हमालाकडून त्याला फेट्याची हकिगत कळली. सुटल्यावर तो रस्त्यापर्यंत पळाला आणि चाकणच्या बाजाराला परत निघालेल्या कांद्याच्या ट्रकला लटकला. कुरुळीला उतरला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कांद्याची सालपटं आणि डोळ्यांना धार!

घरासमोर ही गर्दी! मुरारी वाट काढत पुढं गेला. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर फेटा बांधलेला क्रूगर मांडी घालून बसलेला, पुढ्यात झुणका, भाकरी आणि ठेचा. ठेच्यानं त्याचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं, तरी हात थांबत नव्हता. आणि शेजारी एक मिशाळ गृहस्थ गूळ वाटत होते!

"हे कोन?" मुरारीनं भैरूला विचारलं.

"घोडेगावचे मालोजीराव. अरं, वाईच घोटाळा झालाय बघ."

घोटाळा वाईच नव्हता! मालोजीरावांनी मुरारीला पाहिलं होतं ते फक्त फोटोत. ते आले तेव्हा तानाबाई चुलीपाशी होती, तात्याबा फाट्यावर पोराची वाट बघत उभे होते, आणि गाव अजून जमलं नव्हतं. ओसरीवर फेटा न् हार घातलेला, कोटपाटलोणीतला माणूस मानाच्या जागी बसलेला. मालोजीरावांनी क्षणभर विचार केला. फोटोत पोरगा सावळा दिसत होता. पण थंड मुलखात सहा महिने राहिल्यावर माणूस उजळणारच! उंचही झालेला दिसतोय! त्यांनी घसा साफ करून विचारलं, "जावईबापू, आमची शकू पसंत हाय न्हवं?"

"या, या!" क्रूगर घास गिळत म्हणाला.

"या? म्हंजे आमी घरचेच झालो की! लग्न माघात उरकायचं?"

"या!"

मालोजीरावांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली!

हे ऐकून मुरारी ओसरीवर उडी मारून चढला. "मालोजीराव! मुरारी मी हाय!"

मालोजीरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं. फाटका बूट, सालपटं, भिजलेले डोळे. "गड्या, रडू नगंस. तुला बी गूळ मिळंल. जावयाच्या पंगतीत असा शिरू नगंस मातर!"

"अहो, हे क्रूगर साहेब! जर्मनीचे!"

"जर्मनीचेच की! मागणी घालतानाच सांगितलं व्हतं तुमच्या लोकांनी!"

मुरारीनं क्रूगरकडं धाव घेतली. "साहेब, सांगा यांना, मुरारी कोण!"

क्रूगरनं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मुरारी! चिक्की?"

तेवढ्यात आतून तानाबाई भाकरीची पाटी घेऊन बाहेर आली. तिनं पोराला पाहिलं, पाटी ठेवली आणि त्याचं सालपटांनी माखलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माजा मुरारी! किती वाळलास रं! हंबरगावात दूध न्हवतं व्हय?"

मालोजीरावांच्या हातातला गूळ तसाच राहिला.

"मंग... मी सुपारी कुनासंगट फोडली?"

याच वेळी हलगीचा माग काढत जीप धुरळा उडवत आली. सहस्रबुद्धे आणि दोन हवालदार उतरले. "कोणी पळवलं साहेबांना?" म्हणत ते ओसरीपाशी आले आणि पाहुण्याला फेट्यात पाहून थबकले. क्रूगरनं त्यांना हातानंच बसायची खूण केली आणि पाटीतली आणखी एक भाकरी ओढली.

तोडगा काढला तो तात्याबांनी. फाट्यावर त्यांना सालपटांतला पोरगा ओळखू आला नव्हता, पण जीपमागं धापा टाकत ते येऊन पोचले होते. "मालोजीराव, सुपारी फोडताना नाव कुनाचं घेतलं?"

"मुरारीचं."

"मंग झालं की! मानूस चुकला, नाव बरुबर हाय. सोयरीक नावाशी झाली!"

मालोजीरावांनी एकदा क्रूगरकडं पाहिलं, एकदा मुरारीकडं. मोठा सुस्कारा सोडला. "व्हय. पर त्यो लई उंच व्हता हो!"

लग्न माघातच झालं. नवरीनं सासरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो पाववालीचा. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यापासून घोडेगावपर्यंत ती हकिगत कशी पोचली कोण जाणे! "हात लावला न्हाई" हे मुरारीनं मारुतीची आण घेऊन सांगितलं, तेव्हा कुठं शकूनं ताट वाढलं.

आणि नोकरी? तीही राहिली. क्रूगरनं यंत्र बसवलं, उत्तम चाललं. मुरारीला वाटलं, आता आपण त्या यंत्राचे फोरमन! पण सहस्रबुद्ध्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, क्रूगर साहेब मुदत वाढवून वर्षभर राहायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. तुमच्या आईच्या हातचं जेवण रोज दुपारी मिळालं पाहिजे!

दुसऱ्या दिवसापासून जर्मनीत शिकून आलेला मुरारी टाय लावून, सायकलच्या हँडलला चार खणी डबा अडकवून, कुरुळीहून चिंचवडला निघायला लागला. पहिल्याच दिवशी चावडीपुढून जाताना त्यानं मान ताठ ठेवली होती. तेवढ्यात मागून शकूनं हाक मारली.

"अवो, जर्मनीवालं! ठेचा राहिला!"

आणि मुरारीनं सायकल वळवली.