सावंतकाकांचं पिंप

सावंतकाकांच्या घरात टेबलफॅन एकच, आणि तो पिंपासाठी. काका स्वतः बनियनवर घाम पुसत बसतात आणि वारा खातं कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं पिंप. त्याला वरून ओली साडी गुंडाळलेली. साडी काकूंची, जुनी सुती. काकू आता नाहीत. मी वर्सोव्याला त्यांच्याकडे रोज सकाळी पोळ्या करायला जाते. पिंप पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "काका, याला ताप आलाय का?"

"हसू नको गो. उकाड्यात बिघडता ता. हात धुतलंस?"

हे त्यांचं दिवसभराचं वाक्य. पिंपाजवळून नुसतं गेलं तरी हात धुवायचे. कुरिअरवाल्यालाही त्यांनी सही करण्याआधी बेसिनवर पाठवलं होतं. "सावंतांनी हातभट्टी लावली" असं बिल्डिंगभर झालं, तेव्हा सेक्रेटरी वास घेत वर आले. काका दारातच म्हणाले, "आधी हात धुवा."

पिंपात बिअर होती. मुलगा नितीन कॅनडात असतो. तो घरीच बिअर बनवतो, त्यानेच काकांना सामान मागवून दिलं. माल्टचा डबा उघडला तर मला वाटलं काकवीच आहे. तशीच काळी, घट्ट, चमचा न सोडणारी. ती पाण्यात उकळायची, गार करायची, पिंपात ओतून यीस्ट घालायचं, झाकण लावायचं आणि परत उघडायचं नाही. हे शेवटचं काकांना काही जमेना.

काका काही पिणारे नव्हेत. शिमग्याला घेतली तर थोडी. पण पूर्वी नितीनचा फोन रविवारी यायचा. "जेवलात? गोळ्या घेतल्या? बरं, ठेवतो." चहाला उकळी यायच्या आत संपायचा. पिंप आल्यापासून रोज यायला लागला. "बुडबुडे येतायत का?" काका फोन पिंपाजवळ धरायचे. "ऐक. ऐकलंस?"

एक दिवस बुडबुडे थांबले. काकांना धीर धरवेना. त्यांची आई वड्यांचं पीठ फुगायला त्यात कांदा ठेवायची. काकांनी एक कांदा सोलला, तीनदा धुतला आणि पिंपात सोडला.

नितीनला सांगितलं तर पलीकडून नुसतं हसणं. "बाबा, कांदा? आता वडेच तळा त्यात!"

काका ओशाळले, मग तेही हसायला लागले, अगदी डोळे पुसेपर्यंत. आजीच्या वड्यांवरून बोलणं गावच्या घरावर गेलं, तिथून काकूंवर. काकू गेल्यापासून या दोघांनी एकमेकांजवळ त्यांचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, तरी बोलणं चालूच.

ती बिअर मोरीत गेली. काकांनी दुसरी लावली. या वेळी कांदा नाही, झाकणाला हात नाही. नितीन म्हणाला, "ही जमली की तुम्ही पास, बाबा. मग माझी काही गरज नाही तुम्हाला."

काका नुसते "हूं" म्हणाले.

बाटल्या भरल्या, मुरल्या. परवा पहिली उघडली. फसकन आवाज झाला, ग्लासात वर पांढरा फेस आला. काकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"सुनंदा, झकास गो! दुकानातली काय अशी लागात?"

इतक्यात फोन वाजला. "काय बाबा, उघडली? कशी झालीय?"

काकांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

"बिघडली रे. आंबट झाली."

"अरे, असं कसं? काय काय केलंत, मला नीट सांगा पाहू."

"वेळ आसा तुका?"

"आहे हो. सांगा."

काकांनी खुर्ची ओढली, आणखी एक घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.