गाढव आडात पडलं त्या दिवशी

टायटॅनिक बुडालं ती तारीख आणि आमच्या गावातल्या रखमाजीची शेळी हौदात बुडाली ती तारीख एकच आहे. ही मौलिक माहिती जगात एकाच माणसाकडे आहे आणि तो बोरीजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवतो.

मुंजाजीमामा रोज सकाळी गिरणीच्या दाराशी फळ्यावर दिनविशेष लिहितात. वरची ओळ जगाची, खालची गावाची. पक्षपात नाही. माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला, त्याच तारखेला आमचे सरपंच तार जोडायला विजेच्या खांबावर चढले. अंतराळवीर लवकर उतरला, एवढाच फरक. "दोघं बी वर गेले का न्हाई?" मामा विचारतात. "तारीख कुणाच्या बापाची न्हाई."

मी बीए झालो, आमच्या घरातला पहिलाच. त्या दिवशी माझंही नाव फळ्यावर चढलं, परदेशातल्या एका भूकंपाखाली. पदवीदान समारंभातसुद्धा माझा एवढा सन्मान झाला नाही.

एवढे मोठे इतिहासकार, पण त्यांना एक तारीख काही सापडेना. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला विचारणार, "मावशे, मसाजीचं गाढव आडात कवा पडलं गं?" आम्ही शिकलेली मंडळी पोट धरून हसायचो. राजेरजवाडे संपले, आता गाढवांचा कालखंड!

एक जूनला मात्र फळा कोरा. आमच्याकडे ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही, त्याची मास्तरांनी शाळेत एक जून लिहिली. त्यामुळे निम्मं गाव त्या दिवशी जन्मलंय. मीही मामांना शुभेच्छा द्यायला गेलो.

"आपला न्हाई तो दिवस," मामा म्हणाले. "माय सांगायची, गाढव आडात पडलं त्या दिवशी झालास. माय गेली. आता ते गाढव आठवणारे बी लय थोडे उरले."

त्यानंतर मी गाढवावर हसलो नाही.

गेल्या आषाढात सेलूला लेकाकडे राहणारी सखुआजी माहेरी आली. मामांनी दळणाआधी प्रश्न टाकला.

"पडलं की! पंचिमीला," आजी म्हणाली. "आमी पोरी झोक्यावर. तिकडं गाढव वरडायलंय, इकडं तुझी माय. कुणाकडं पळावं कळंना."

"मंग?"

"गाढवाकडं पळालो. तुझी माय खमकी होती."

मामांनी त्या दिवसापुरती गिरणीच बंद केली.

नागपंचमीची तारीख दरवर्षी बदलते, हे त्यांना मी काय सांगणार? जन्मभर तारखा गोळा केल्या आणि हाती आली तिथी.

पंचमीला सकाळी गिरणीवर गेलो. फळ्याची वरची ओळ कोरी होती. खाली एवढंच: 'आज मसाजीचं गाढव आडात पडलं.' मी खडू उचलला आणि वर लिहिलं: 'मुंजाजीमामा जन्मले.'

मामा पिठानं माखलेले बाहेर आले. वाचलं. पुन्हा वाचलं.

"तिथं न्हाई लिहायचं रे," ते हळूच म्हणाले. "ती ओळ जगाची हाय."

पण पुसलं नाही.