काळ्या तिळाचं पाणी

चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोक्यावर एकही पांढरा केस नसलेला माणूस कोरियातल्या अख्ख्या जेचन गावात एकच, आणि तो म्हणजे आपण, हे बेक दोक-सू कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. सकाळी काळ्या सोयाबीनचा भात, संध्याकाळी काळ्या तिळाची पेज. त्यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे शरीर गंजत नाही, असं टीव्हीवरच्या डॉक्टरनं सांगितल्यापासून तर तो टपालवाल्यालाही थांबवून विचारायचा, "बघ बरं, कुठे गंजलोय का?"

तीळ बिचारे उगाच श्रेय खात होते. दोक-सूला मुलगी झाली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. ती, सो-दाम, पहिलीत असताना खेळाच्या दिवशी बाईंनी तिला विचारलं, "आजोबा आलेत का तुझे?" पोर रडत घरी आली. त्याच आठवड्यात दोक-सूची बायको जोम-रे गुपचूप हान न्हाव्याकडे जाऊन आली. तेव्हापासून हान दर महिन्याला 'काळ्या तिळाचं पाणी' म्हणून त्याला चक्क कलप फासायचा. दोक-सू खुर्चीत घोरत असायचा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्याला सोडून.

आता सो-दामचं लग्न ठरलं होतं. होणारे व्याही सत्तरीचे, त्यांचेही केस काळेभोर. ते अक्रोडाचे गुण गात होते, त्यामुळे दोघांचं पहिल्याच भेटीत जमलं.

लग्नाच्या दिवशी दोक-सूला दिवसभर उभं राहता यावं म्हणून जोम-रेनं वैद्याकडून काढा आणला. त्यात एक काळी मुळी होती आणि तिचं पथ्य तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं: ही मुळी चालू असताना मुळा खाल्ला की केस पांढरे होतात. जोम-रेनं मुळ्याच्या किमचीची, म्हणजे तिखट लोणच्याची, बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली. नेमका त्याच सुमारास हान पाय घसरून पडला, मनगट मोडलं, दुकान बंद. दुसऱ्या न्हाव्याच्या हाती डोकं द्यायला दोक-सू तयार होईना.

लग्नाच्या तीन दिवस आधी तो सूपवाल्याकडे गेला. समोर मुळ्याची लालभडक किमची. एकच फोड, असं म्हणत त्यानं वाटी रिकामी केली. सकाळी आरशात पाहतो तर कानशिलांवर केस मुळाशी पांढरेफटक.

दिवसभर घरात टोपी. जेवतानाही टोपी. शेवटी जोम-रेनं ती ओढून काढली.

"मुळा खाल्ला मी," दोक-सू मान खाली घालून म्हणाला. "वाटीभर."

जोम-रेला हसू आवरेना. पण पुढचं ऐकलं आणि ते ओठांतच राहिलं.

"परवा पुन्हा कुणी पोरीला विचारलं तर, आजोबा आलेत का म्हणून?"

म्हणजे ते त्याला माहीत होतं. इतकी वर्षं मनात धरून बसला होता आणि चकार शब्द काढला नव्हता.

"अहो, खाल्ला तर खाल्ला. तिळाच्या पाण्यानं उतरतं ते. हानकडून आणते," ती म्हणाली आणि तशीच निघाली. रात्री तिनंच ते त्याला लावलं, पण घाईत हातमोजे राहिलेच. डोकं झकास काळं झालं. जोम-रेची बोटंही झाली. साबण, लिंबू, राख, सगळं चोळून झालं, पण डाग हटेना.

लग्नाच्या हॉलमध्ये दोक-सू व्याह्यांना रंगवून सांगत होता, मुळ्यानं एका रात्रीत पांढरा झालो, तिळानं तासाभरात काळा. व्याही म्हणाले, अक्रोडाला इतका वेळ लागत नाही.

इकडे जोम-रेला घाम फुटला होता. दोन्ही विहिणींनी हातात हात घालून मंचावर जायचं आणि सगळ्यांदेखत मेणबत्त्या पेटवायच्या, हा रिवाज. नेमकी बोटंच दिसणार. पोरीच्या लग्नात दोक-सूपासून लपवलेलं वीस वर्षांचं गुपित आपल्याच हातानं फुटणार, या धास्तीनं तिनं हात बाहीत ओढून घेतले होते. नाव पुकारलं गेलं. विहीणबाईंनी हात पुढे केला. नाइलाजानं जोम-रेनंही केला.

विहीणबाईंची बोटं पेरापर्यंत काळी होती.

दोघींनी एकमेकींची बोटं पाहिली. मग विहीणबाई कानाशी झुकल्या.

"तीळ?"

"तीळ," जोम-रे म्हणाली. "तुमचे अक्रोड ना?"